वजन उतरवणारा डबा आणि गटाचं कर्ज

उरकली का कामं? ज्यांची उरकली नसतील त्यांनी भाकरी थापता थापता ऐका. रेडिओचं तेवढं एक बरं असतं, हात मोकळे राहतात.

आजचा विषय आम्ही शोधून काढलेला नाही. तो गटांच्या बैठकीतून आपसूक आला. आमच्याकडे अंतर्गत कर्जाचे जे अर्ज येतात, त्यात कारणाच्या रकान्यात आजवर ठरलेल्या गोष्टी असायच्या. शेळी, शिलाई मशीन, बी-बियाणं, पोरांची फी, दवाखाना. हल्ली तिथं नुसतं 'व्यवसाय' लिहिलेलं दिसतं. कसला व्यवसाय, म्हणून विचारलं की उत्तर येतं, 'वेलनेसचा'. उलगडून विचारलं की कळतं, वजन कमी करायच्या पावडरीचे डबे आणायचे, आधी आपण प्यायचे आणि मग गल्लीतल्या बायकांना पाजायचे.

एका गटात अशीच पंधरा हजारांची मागणी आली. गट दहा जणींचा, बचत महिन्याला शंभर रुपये. म्हणजे पंधरा हजार ही अख्ख्या गटाची सव्वा वर्षाची बचत झाली. सचिवताई गप्प, अध्यक्षताई गप्प. नाही म्हणावं तर रोजची उठबस असलेली बाई दुखावते आणि हो म्हणावं तर मन घेत नाही. शेवटी सगळ्यांनी आमच्याकडं बघितलं. त्या बैठकीपासून आम्ही दोघी-तिघी समन्वयक या डब्यांच्या मागे लागलो. वाचलं, डॉक्टरांना विचारलं, कायदा काय म्हणतो ते बघितलं. त्यातलं आज सांगतो.

पहिली गोष्ट. मागणी करणारी ताई खोटं बोलत नव्हती. दीड महिन्यात तिचं चार किलो वजन खरंच उतरलं होतं. गटातल्या बायकांनी ते डोळ्यांनी बघितलं होतं, तिच्या पोलक्यांना टाके घालावे लागले होते. म्हणून तर बाकीच्याही घ्यायला तयार झाल्या. मग यात फसवणूक कुठं आली?

आम्ही तिला विचारलं, बाई, दिवसभरात खातेस काय? ती म्हणाली, सकाळी दूधपाण्यातली पावडर, संध्याकाळी पावडर, दुपारी एक भाकरी आणि पालेभाजी. साखरेचा चहा बंद. आधी किती होता? दिवसाला सहा कप. फरसाण बंद, बिस्कीटपुडा बंद. सकाळी अर्धा तास चालायचं आणि दर रविवारी वजन करून मोबाइलच्या ग्रुपवर टाकायचं. आता तुम्हीच सांगा, वजन कशानं उतरलं? रात्रीच्या दोन भाकऱ्या, पिठलं आणि वर भात यांच्या जागी पेलाभर पावडर आली, सहा कप चहातली साखर गेली, वर चालणं आलं. यात पावडरीच्या जागी ताक ठेवलं असतं तरी काटा खालीच आला असता. कोंबडा आरवतो आणि उजाडतं. म्हणून सूर्य कोंबड्यानं वर आणला असं आपण म्हणत नाही.

आणखी एक खुबी आहे, ती कळली की पहिल्या आठवड्याची जादू संपते. आपलं शरीर थोडी साखर साठवून ठेवतं, यकृतात आणि स्नायूंमध्ये, आणि त्या साखरेबरोबर पाणीही धरून ठेवतं. खाणं एकदम कमी केलं की आधी ही साठवण वापरली जाते आणि तिच्याबरोबरचं पाणी निघून जातं. म्हणून पहिल्या चार-सहा दिवसांत एक-दोन किलो सहज उतरतं. ती चरबी नव्हे, बहुतांश पाणी. पण तेवढ्यात आपला विश्वास बसतो आणि दुसरा डबा घेतला जातो. पुढं कधीतरी डबा थांबतो, कारण परवडत नाही. जेवण पहिल्यासारखं होतं, वजन परत येतं. मग सांगणारी सांगते, 'बघ, बंद केलंस म्हणून वाढलं.' उतरलं तर डब्यामुळं, वाढलं तर तुझ्यामुळं. असा सौदा आठवडी बाजारात एखाद्या बैलवाल्यानं केला तर आपण त्याला उभं करू का?

डब्यात विष असतं असं आमचं म्हणणं नाही. बऱ्याचशा पावडरीत सोयाबीनचं किंवा दुधाचं प्रथिन, थोडी साखर, वास, रंग आणि जीवनसत्त्वं असतात. डबा मागे फिरवून वाचा, एका चमच्यात प्रथिन किती ग्रॅम लिहिलंय ते बघा आणि मग आपल्या घरात या. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पंचवीसच्या आसपास. फुटाण्यात वीसच्या पुढं. तुमच्या डब्याची किंमत त्यातल्या चमच्यांनी भागा, एका वेळेचा खर्च काढा. हा हिशेब आम्ही सांगत नाही, तुम्ही करा. बचत गटाच्या बायकांना भागाकार शिकवायची गरज नाही.

आता डब्यांवरचे आणि डब्यांभोवतीचे शब्द. तेच जास्त फसवतात.

'शंभर टक्के नैसर्गिक'. कण्हेरही नैसर्गिक आहे, धोत्राही. आपल्या बांधावर उगवतात म्हणून आपण त्यांची चटणी करत नाही.

'सरकारमान्य'. हे विचारल्यावर आम्हाला डब्यावरचा चौदा आकडी नंबर दाखवला गेला. तो अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या परवान्याचा नंबर असतो. बिस्किटाच्या पुड्यावर असतो, तिखटाच्या पाकिटावर असतो, आपल्यातल्या ज्या गटांनी पापड-लोणच्यासाठी परवाना घेतलाय त्यांच्याही पाकिटावर तसाच चौदा आकडी नंबर आहे. त्याचा अर्थ, हा माल खाण्याचा पदार्थ म्हणून बनवायला आणि विकायला परवानगी आहे. वजन उतरतं याची सरकारनं खात्री केली, असा त्याचा अर्थ होत नाही. उलट अशा पूरक पदार्थांसाठी २०१६ साली जे नियम झाले, त्यांप्रमाणे डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापावं लागतं. ते छापलेलं असतंही, इंग्रजीत, बारीक अक्षरात, जिथं आपला अंगठा येतो नेमकं तिथं.

आणि ही गोष्ट नीट ऐका. आपल्या देशात १९५४ चा एक कायदा आहे, औषधं आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींबद्दलचा. त्याला एक यादी जोडलेली आहे. त्या यादीतले आजार बरे करतो अशी औषधाची जाहिरात करायला बंदी आहे. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू अशा आजारांबरोबर लठ्ठपणाही त्या यादीत आहे. शिवाय अन्नपदार्थाबद्दल दिशाभूल करणारी जाहिरात केली तर अन्न सुरक्षा कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे. म्हणून डबा हातात घेऊन बघा, त्यावर 'लठ्ठपणा बरा होतो' असं सहसा लिहिलेलं नसतं. तिथं असतं 'वजन व्यवस्थापनास साहाय्यक'. कसं मोघम आहे बघा. मग थायरॉइड जातं, पाळी नियमित होते, शुगरची गोळी सुटते, हे कोण सांगतं? ते आपली ताई सांगते, आपल्या ओट्यावर बसून. जे छापायची कंपनीला सोय नाही ते गल्लीतल्या बाईच्या तोंडून जातं. उद्या कुणाला काही झालं तर कंपनी डबा पुढं करणार, 'आम्ही असं कुठं लिहिलंय?' आणि बोलणारी ताई एकटी पडणार. डब्याच्या पैशांपेक्षा आम्हाला याची जास्त काळजी वाटली.

'संशोधनानं सिद्ध'. याची एक गोष्ट सांगतो, आणि तिचा धागा आपल्या देशाशी जोडलेला आहे. २०१२ साली अमेरिकेत टीव्हीवरच्या एका फार नावाजलेल्या डॉक्टरांनी, मेहमेट ऑझ त्यांचं नाव, न भाजलेल्या कॉफीच्या बियांच्या अर्काची वजन कमी करण्यासाठी भारी तारीफ केली. त्याच वर्षी एक अभ्यासही छापून आला. त्यात म्हटलं होतं, सोळा माणसांना बावीस आठवड्यांच्या काळात हा अर्क दिला आणि सरासरी आठ किलो वजन उतरलं. सोळा माणसं! आमच्या दोन गटांतल्या बायका मोजल्या तर जास्त भरतात. पण एवढ्यावर बाजार उसळला, हिरव्या कॉफीच्या गोळ्या धडाधड खपल्या. हा अभ्यास झाला होता आपल्या भारतात. अर्क बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीनं, ॲप्लाइड फूड सायन्सेसनं, पैसे देऊन तो करून घेतला होता. नंतर अमेरिकेच्या व्यापार आयोगानं चौकशी केली. आयोगानं आरोप ठेवला की अभ्यास करणाऱ्यानं माणसांची वजनं आणि मापं वारंवार बदलली, अभ्यासाचा कालावधी बदलला, कुणाला खरा अर्क दिला आणि कुणाला नुसती दाखवायची गोळी दिली यातही घोळ घातला. २०१४ साली कंपनीनं पस्तीस लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. छापलेला अभ्यास मागे घेण्यात आला. त्याच वर्षी टीव्हीवरच्या डॉक्टरांना तिथल्या संसदेच्या समितीपुढं बसून उत्तरं द्यावी लागली.

तिकडं हे सगळं होऊन गेलं, तरी हिरवी कॉफी आजही आपल्याकडं ऑनलाइन मिळते. बाजाराला आठवण नसते. गटाच्या वहीत दहा वर्षांपूर्वीचा थकलेला हप्ताही दिसतो, तशी वही बाजारात कुणी ठेवत नाही.

दुसरं नाव तुम्ही ऐकलं असेल, गार्सिनिया. हे आपल्या कोकमाचं भावंड, दक्षिणेकडं माशाच्या कालवणात घालतात ते आंबट फळ. त्याच्या अर्कानं चरबी बनतच नाही, असा गवगवा झाला. त्याचा नीट अभ्यास १९९८ साली अमेरिकेत छापून आला. एकशे पस्तीस जाड माणसं, बारा आठवडे. निम्म्यांना अर्काच्या गोळ्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण आत काही नसलेल्या गोळ्या. कुणाला कुठली, हे त्यांना माहीत नाही. सगळ्यांना जेवण सारखंच, बेताचं. शेवटी अर्कवाल्यांचं सरासरी वजन तीन किलो दोनशे ग्रॅम उतरलं आणि रिकाम्या गोळीवाल्यांचं चार किलो शंभर ग्रॅम. म्हणजे गोळीचा उपयोग शून्य, उतरलं ते बेताच्या जेवणानं. यानंतर गोळ्या बंद पडल्या असतील असं तुम्हाला वाटेल. नाही पडल्या. आणि गार्सिनियाच्या गोळ्या खाऊन यकृताला इजा झाल्याच्या नोंदी डॉक्टरांकडं आहेत. कालवणातलं आमसूल वेगळं आणि त्याचा घट्ट अर्क रोज गोळीतून घेणं वेगळं. आमसुलाला घाबरू नका, सोलकढी खुशाल प्या.

सध्या नवं खूळ आहे दारुहळदीच्या अर्काचं. वजन कमी करायची जी नवीन इंजेक्शनं आली आहेत, त्यांच्यासारखंच काम ही वनस्पती करते, असं मोबाइलवर फिरतंय. ती इंजेक्शनं खरी औषधं आहेत, डॉक्टर तपासून, चिठ्ठी लिहून देतात, त्यांचेही त्रास आहेत. त्यांची बरोबरी या अर्कानं होते, हे कुणी सिद्ध केलेलं नाही. शिवाय दारुहळदीतला बर्बेरिन हा घटक गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी घेऊ नये, बाळाची कावीळ वाढू शकते. हे मोबाइलवर सांगत नाहीत.

'स्लिमिंग चहा' नावाच्या पुड्या येतात. बऱ्याच पुड्यांत सोनामुखी असते. सोनामुखी आपल्या आज्यांना माहीत होती, कोठा साफ करायला एखादवेळी द्यायच्या. रोज नव्हे. रोज जुलाब झाले की वजनाचा काटा हलणारच, पाणी गेलं ना. पण जेवलेल्या अन्नाचा बराचसा भाग त्याआधीच आतड्यात शोषला गेलेला असतो, चरबी जागची हलत नाही. हलतात ते शरीरातले क्षार. पायाला गोळे येतात, छातीत धडधड होते. पुढं पुढं आतड्याला सवय लागते आणि चहा घेतल्याशिवाय पोट साफ होत नाही.

सगळ्यात घातक प्रकार म्हणजे पुडीवर जे लिहिलेलंच नसतं ते आत असणं. सिब्युट्रामीन नावाचं भूक मारणारं औषध पूर्वी डॉक्टर द्यायचे. ज्यांना आधीच हृदयाचा त्रास होता अशा लोकांत त्यानं हार्ट ॲटॅक आणि लकवा वाढतो, असं मोठ्या अभ्यासात दिसलं. २०१० साली ते अमेरिका-युरोपात बाजारातून गेलं, २०११ साली भारतानं बंदी घातली. आणि तेच औषध 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या-कॉफीत मिसळलेलं पुन्हा पुन्हा सापडलं आहे. अमेरिकेचं औषध खातं अशा मालाची यादी वेळोवेळी जाहीर करतं. म्हणून एखाद्या बिननावाच्या पुडीनं भूक पार मेली, रात्री झोप लागेना, तोंड कोरडं पडतंय, छाती धडधडतेय, तर 'औषध लागू पडलं' असं समजू नका. पुडी थांबवा आणि उरलेली पुडी घेऊनच दवाखान्यात जा. फेकू नका, डॉक्टरांना ती बघायची असते.

हे सगळं आपल्या बायकांना जास्त का बाधतं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली २०१९ ते २०२१ मध्ये. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांत सत्तावन्न जणींचं रक्त कमी निघालं. त्याच पाहणीत शंभरात चोवीस जणींचं वजन जास्त आणि जवळजवळ एकोणीस जणींचं कमी होतं. म्हणजे अंगानं भरलेल्या बाईचंही रक्त कमी असू शकतं, आणि असतंच. तिनं दोन वेळचं जेवण सोडून पावडर धरली, जेवणाला लागूनच दोनदा ग्रीन टी घेतला, तर जेवणातलं लोहही नीट अंगी लागत नाही. वर खुरपायला जायचंच आहे, हंडा उचलायचाच आहे. बीपीच्या, शुगरच्या गोळ्या चालू असलेल्या बाईनं जेवण सोडणं तर फारच धोक्याचं. शुगर एकदम खाली गेली तर शेतात एकटी असताना काय करायचं?

आमच्या भागात एक मुलगी एसटी स्टँडवर चक्कर येऊन पडली. वय एकोणीस. स्थळं येत होती, कुणीतरी म्हणालं होतं, पोरगी जरा अंगानं जास्त आहे. तिनं कॉलेजच्या पासचे पैसे वाचवून पुड्या मागवल्या आणि तीन आठवडे जवळजवळ जेवलीच नव्हती. आईला वाटत होतं, परीक्षेचं टेन्शन. वेळीच सलाइन लागलं, आता बरी आहे. ज्यांनी ते वाक्य उच्चारलं ते पाहुणे चहा पिऊन निघून गेले. लेकी-सुनांच्या अंगाबद्दल पाहुण्यांसमोर बोलणाऱ्यांमध्ये आपण बायकाही असतो, हे इथंच बोलून ठेवतो.

आता पोटाचं. 'ऑपरेशन केल्यापासून पोट सुटलं' हे वाक्य आम्ही प्रत्येक गटात ऐकतो. बाळंतपणात पोटाचे स्नायू ताणून सैल पडतात, पोट पुढं येतं. ती चरबी नसते, त्याला व्यायाम वेगळा असतो. थायरॉइडनं वजन वाढतं, पीसीओडीनं वाढतं. आणि कधी कधी पोट वाढतं ते गर्भाशयाच्या किंवा अंडाशयाच्या गाठीनं. हातपाय तसेच आणि पोटच वाढतंय, पोट सतत फुगल्यासारखं वाटतंय, दोन घास खाल्ले तरी भरतंय, पाळी बिघडलीय, असं असेल तर पावडरवालीकडं नव्हे, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. आशाताईला सोबत घ्या. अशा वेळी डब्यात गेलेले तीन महिने पैशांपेक्षा महाग पडतात.

ज्यांचं वजन खरंच जास्त आहे, त्यांनी काय करायचं? वजन कमी करायलाच नको असं आम्ही म्हणत नाही. गुडघे धरतात, बीपी वाढतो, शुगर येते. शिवणकामाची टेप घ्या, बेंबीच्या पातळीवर, पोट आत न ओढता कंबर मोजा. आपल्याकडच्या बायकांसाठी ऐंशी सेंटीमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, ही मर्यादा धरतात. त्यापुढं असाल तर बीपी-शुगर तपासून घ्या, आरोग्य केंद्रात मोफत होतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं सांगणं आहे, आठवड्याला अर्धा किलो उतरणं सुरक्षित. महिन्याला दोन किलो. 'दहा दिवसांत दहा किलो'वाल्याला हे सांगून बघा, तो फोन ठेवेल. उपाय तुम्हाला ठाऊक आहेत: चहातली साखर, फरसाण, बिस्किटं, तेलाची धार, रात्री उशिरा शिळंपाकं संपवायची सवय. अन्न वाया जाऊ नये म्हणून बाई आपल्या पोटात टाकते, हे घराघरातलं आहे. उरतंय तर टोपलीत एक भाकरी कमी थापा. आणि डाळ, उसळ, अंडं, ताक आपल्या ताटात आधी वाढून घ्या. सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते खायचं, यानं वजन वाढतंही आणि रक्त कमीही होतं.

आता धंद्याकडं येतो, कारण कर्ज त्यासाठी मागितलं होतं. त्या ताईला सांगण्यात आलं होतं, तुझ्याखाली पाच जणी आण, त्या पाच-पाच आणतील, तुला बसल्या जागी कमिशन. आम्ही बैठकीत खडूनं फरशीवर लिहिलं. पाचाचे पंचवीस, पंचविसाचे सव्वाशे, सव्वाशेचे सव्वासहाशे. गावात उंबरे साडेचारशे. चौथ्या पायरीवर गाव संपलं. शेवटच्या ज्या सव्वासहाशे असतील त्यांनी डबे कुणाला विकायचे? कडेला बसलेली एक आजी म्हणाली, 'म्हशीला.' सगळ्या हसल्या, ती ताईसुद्धा.

थेट विक्रीचा धंदा बेकायदा नाही. पण २०२१ च्या डिसेंबरात केंद्र सरकारनं त्याचे नियम केले आहेत. सभासद होण्यासाठी फी घेता येत नाही. नुसती माणसं जोडल्याबद्दल पैसे देणारी साखळी चालवता येत नाही. कंपनीचा देशात पत्ता हवा, तक्रार ऐकणारा अधिकारी हवा. आम्ही ताईला तीन गोष्टी आणायला सांगितल्या: आजवरच्या डब्यांची पक्की बिलं, न खपलेला माल परत घेण्याची लेखी अट आणि 'वरच्या' मॅडमनी स्वतः गेल्या सहा महिन्यांत डब्यांवर किती खर्च केला आणि हातात किती आलं याचा हिशेब. बिलं दोनच निघाली. लेखी अट नव्हती. मॅडम म्हणाल्या, असले निगेटिव्ह प्रश्न विचारणाऱ्यांपासून लांब राहा.

गटानं ठराव केला की या कारणासाठी कर्ज देता येणार नाही. दुसऱ्या कुठल्याही व्यवसायासाठी अर्ज आला तर आधी विचार होईल, हेही त्याच ठरावात लिहिलं. ताई रागावली. दोन बैठकांना आली नाही, बचत मुलाबरोबर पाठवली. तिसऱ्या बैठकीला आली, कोपऱ्यात बसली, सही करून गेली. घरात अजून सात डबे आहेत असं ऐकतो. आज ती हा कार्यक्रम ऐकत असेल तर तिला सांगतो, डबे फोडलेले नसतील तर परत घ्या म्हणून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी अर्ज करता येईल. अर्ज लिहायला आम्ही मंगळवारी पंचायतीच्या खोलीत आहोत, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

बाकीच्यांसाठी: पुढच्या बैठकीला घरातले रिकामे-भरलेले डबे, पुड्या, बाटल्या पिशवीत घालून आणा. चष्मा आणा. बारावीतल्या लेकीला घेऊन या, बारीक इंग्रजी ती वाचेल. डब्यावर काय लिहिलंय आणि तुम्हाला तोंडी काय सांगितलं होतं, दोन्ही वहीत शेजारी शेजारी लिहू. ज्या डब्यावर नंबर नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, तो वेगळा काढू आणि अन्न व औषध प्रशासनाला कळवू. ग्राहक मंचात जायची वेळ आली तर पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. बिल मात्र जपून ठेवा, बिलाशिवाय घेतलं असेल तर फोनवरून पैसे पाठवल्याचा मेसेज पुसू नका.

नंबर लिहून घ्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. महाराष्ट्राचं अन्न व औषध प्रशासन १८०० २२२ ३६५. पीठ लागलेल्या हातानं लिहिता येत नसेल तर पोराला हाक मारा, आम्ही पुन्हा सांगतो: एकोणीस पंधरा, आणि अठराशे, दोनशे बावीस, तीनशे पासष्ट.